दाताच्या डॉक्टरनं आता कणगीतही डोकवायचं?

कृष्णाकाठ: परवा सांगलीच्या एका दंतवैद्य बाईंनी इथं लिहिलं, "किडलेले दात घेऊन आलेल्या पोराच्या आईला 'महिनाअखेर घरात धान्य पुरतं का' एवढं तरी विचारावं." सगळ्यांनी हात जोडले. माझं मात्र डोकं फिरलं. आमच्या आईच्या दाढेला रूट कॅनॉल आणि कॅप मिळून 8 हजार सांगितले. आईनं सरळ दाढ उपटून घेतली. ज्यांचा दर ऐकून माणूस दाढ उपटून घेतो, त्यांनी आमच्या कणगीत डोकावू नये. अंत्योदयला महिना 35 किलो, प्राधान्य कार्डवाल्यांना माणशी 5 किलो, तेही फुकट. ते बघायला पुरवठा खातं आहे. तुम्ही बिलाचं बघा.

दाढदुखी_मिरज: ती बाई मीच. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो; दूध, अंडी, भाजी नाही. मागच्या हंगामात ऊसतोडीच्या तळावर तपासणीला गेले होते. आई पहाटे फडात जाताना पोराजवळ चहा आणि बिस्किटाचा पुडा ठेवून जाते. पोर ते दिवसभर पुरवून पुरवून खातं. दातांना किती गोड यापेक्षा किती वेळा गोड हे जास्त नडतं. त्या आईला "बिस्किटं बंद करा" सांगून मी घरी येऊ? जवळची अंगणवाडी कुठली, बीडच्या कार्डावर इथंही धान्य मिळतं, हे सांगायला दोन मिनिटं लागतात.

जतचा_पाव्हणा: मिळतं म्हणे! अंगठा कोण उमटवणार? कोयत्यानं बोटाच्या रेषा राहिल्यात कुठं? माझी चुलती दुकानातनं तीनदा रिकाम्या पिशवीनं परत आली.

स्पष्टवक्ता: उगाच गरिबीवर ढकलू नका. आपल्याकडं बायकांचे दात मिश्रीनं जातात. तवा तापवून तंबाखू भाजायला बरा वेळ मिळतो.

वाईची_सून: का लावतात, विचारलंत कधी? सासूबाई 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायच्या. मिश्री लावली की दुपारपर्यंत भूक कळायची नाही, म्हणायच्या. सुकडी मिळायची ती पोरांना.

स्पष्टवक्ता: मग काय, आरती ओवाळू मिश्रीची? माझी आत्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. तिच्या घरी धान्याला काही कमी नव्हतं.

वाईची_सून: आरती कोण ओवाळतंय? नीट वाचा. भूक मारायला लावलेली मिश्री भूक न विचारता कशी सुटेल, एवढंच म्हणतेय.

स्पष्टवक्ता: सुटते. आमच्या आईची सुटली. वडिलांनी डबी उकिरड्यावर फेकली.

वाईची_सून: आणि दुसरी डबी कुठं लपवली होती, ते तुम्हाला कशाला सांगतील!

दाढदुखी_मिरज: मिश्रीवाल्या बायकांना रोज ओरडते मी. भुकेचं एकीनंही आपणहून सांगितलं नाही. विचारायचं मलाही सुचलं नव्हतं, हे कबूल.

कृष्णाकाठ: तुमचं मिश्रीपुराण आटपलं असेल तर बोलतो. काल जेवताना आईकडं नीट बघितलं. दोन्हीकडच्या दाढा गेल्यात, भाकरी चहात कुस्करून खाते. शेंगदाणे कधीच सोडलेत. एका घरात राहून मला पत्ता नाही. विचारा बाई, खुशाल विचारा. पण दरपत्रकही दाराबाहेर लावा, आत खुर्चीत बसवून सांगू नका.

दाढदुखी_मिरज: लावते. आईंना घेऊन या, कवळीचं बघू.

कृष्णाकाठ: फुकट?

दाढदुखी_मिरज: अर्ध्यात. गाळ्याचं भाडं मलाही भरायचंय.