मदत हवी आहे: क्रूझवर वेगळे पैसे भरून जेवायचं रेस्टॉरंट घ्यावं का? (मुंबई–गोवा–मुंबई, ३ रात्री, ६ माणसं)

अबोली_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. डिसेंबरात क्रूझला जायचं ठरतंय. सासू-सासरे (दोघंही सत्तरीचे), आम्ही दोघं, मुलं ११ आणि ४ वर्षांची. मोठ्या डायनिंग हॉलमधलं जेवण आणि बुफे भाड्यात धरलेलं आहे. त्याशिवाय बोटीवर एक इटालियन, एक एशियन आणि समोर तव्यावर करून वाढतात ते तेप्पान्याकी अशी तीन रेस्टॉरंट आहेत. त्यांचे माणशी पैसे वेगळे.

१. घ्यायचं तर यातलं कुठलं, आणि कोणत्या रात्री?
२. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासऱ्यांना ताटात मासा लागतो. दोघांचं भागेल असं काय आहे?
३. संध्याकाळचे शो, खेळ, पार्ट्या यांत वयस्कर माणसांना झेपेल असं काय असतं?
४. घरून लाडू, चिवडा, सुके बोंबील नेता येतात का?

एजंट प्रत्येक प्रश्नाला "सगळं मिळतं हो" एवढंच म्हणतो. माहितगारांनी सविस्तर लिहावं.

गलबत

ताई, बोटीच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काम केलंय, त्यामुळे जेवणाचं मी सांगतो. खेळ-पार्ट्यांचं इथे दुसरं कोणी नीट लिहील.

आधी शोची वेळ बघा, मग टेबल ठरवा. बहुतेक जण उलटं करतात आणि फसतात. असल्या रेस्टॉरंटात एका जेवणाला दीड ते दोन तास जातात. एक पदार्थ संपल्यावर दुसरा येतो आणि मधे घाई करून उपयोग नसतो. शो साधारण ७ आणि ९ असे दोनदा असतात. रात्री ९चा शो बघणार असाल तर टेबल संध्याकाळी साडेसहाच्या आत हवं. ७चा बघितलात तर टेबल साडेआठला मिळेल, आणि तोवर तुमचं चार वर्षांचं पोर खुर्चीतच झोपलेलं असेल. तुम्हाला लवकरचं टेबल आणि उशिराचा शो हेच बरं.

आता रात्र कोणती. पहिल्या संध्याकाळी बऱ्याच बोटी सवलत देतात, कारण लोकांना अजून बोट कळलेली नसते. पण त्या दिवशी मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ उलटते. हाफ पँट आणि स्लिपरवर तिथे आत घेत नाहीत. म्हणून पहिली रात्र घेतलीत तर सगळ्यांचे एकेक बरे कपडे आणि बंद बूट हातातल्या पिशवीत ठेवा. शेवटची रात्र टाळा. तेव्हा टेबलं भरलेली असतात आणि रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात. माझं मत विचाराल तर गोव्याच्या दिवसाची रात्र घ्या. माणसं उन्हातून फिरून दमून येतात, बुफेवर पटकन खाऊन झोपतात आणि ही रेस्टॉरंट निम्मी रिकामी असतात. फक्त मुरगाव बंदरात परतायची वेळ पाळा. पणजी तिथून ३० किलोमीटरच्या आसपास आहे. शनिवार-रविवारी वाहतूक अडकली की तासाचे दीड-दोन तास होतात, आणि बोट कोणासाठी थांबत नाही.

कुठलं घ्यायचं? सासूबाईंना बरोबर नेणार असाल तर इटालियन. पण "व्हेज" एवढा शब्द पुरत नाही. मिनेस्ट्रोने सूप दिसायला भाज्यांचं असतं, पण ते मांसाच्या अर्कात शिजवलेलं असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही हे मासे आणि अंडं दोन्ही असतं. ताजा पास्ता बहुधा अंड्याचा असतो, सुका पास्ता सहसा नुसत्या रव्याचा. गोडात बघाल तर तिरामिसूत अंडं आणि बऱ्याचदा दारू, पन्ना कोट्टात जिलेटिन (ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात). परमेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, ते त्यांना चालत नसेल तर वरून किसू नका म्हणून सांगायचं. वेटरला एकदाच सांगा: मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, जिलेटिन नाही, मांसाचा अर्क नाही. असे पाच नकार एका दमात सांगितले की तो लिहून घेतो आणि आत विचारून येतो.

एशियनमध्ये भाज्यांच्या डिशमध्येसुद्धा ऑयस्टर (कालवांचा) सॉस किंवा फिश सॉस पडतो. नुसता सोया सॉस घालून करा म्हटलं तर करतात, पण चव निम्मी होते. मग त्याचे वेगळे पैसे कशाला भरायचे?

तेप्पान्याकी मुलांना आवडेल. साधारण ८ माणसं एका लोखंडी तव्याभोवती बसतात, सुरुवातीची वेळ ठरलेली असते आणि दहा मिनिटं उशीर झाला तरी तुमच्यासाठी पुन्हा सुरू करत नाहीत. पण सासूबाईंना तिथे नेऊ नका. आचारी तव्यावर तेल सोडतो, लसूण परततो, मग उलथन्यावर अंडं नाचवून तिथेच फोडतो आणि भात त्यात घोळवतो. सगळा खेळ त्या अंड्याचाच आहे. शेजारी कोळंबी, त्याच तव्यावर त्यांची भाजी. सांगितलं तर आतून वेगळं करून आणतात, पण समोर चाललेलं दिसतंच आणि वासही येतो.

सासऱ्यांच्या माशाबद्दल खरं सांगतो. बोटीवर मासा खोल गोठवलेला येतो, बहुतेक काटे काढलेल्या तुकड्यांचा: बासा, सामन, कोळंबी. सुरमईची रव्यात तळलेली तुकडी मनात धरून बसलात तर हिरमोड होईल. तो मासा गोव्यात उतरल्यावर खा. बोटीवर त्यांना भाजलेला सामन मागवा, तो गोठवूनही बरा राहतो.

आणखी एक. बोटीवर आगीच्या भीतीने उघडी ज्योत सहसा ठेवत नाहीत, सगळं विजेच्या तव्यांवर. त्यामुळे फुलका आचेवर फुगत नाही, आणि करून गरम पेटीत ठेवला की चामट होतो. सासूबाईंना भात आणि डाळ धरा, पोळीचा आग्रह नको.

काजूबोंडू

गलबतदादांनी छान लिहिलंय, पण माझं मत जरा वेगळं. ३ रात्रींच्या फेरीत सहाही जणांना पैसे भरून जेवायला नेणं म्हणजे उधळपट्टी. भाड्यातल्या डायनिंग हॉलमध्येच रोज मेनू बदलतो, टेबलावर वाढतात, हवं तर दुसरी प्लेटही देतात. तुम्ही दोघं आणि ११ वर्षांचा मुलगा तेप्पान्याकीला जा. आजी-आजोबा आणि धाकटं डायनिंग हॉलमध्ये. सगळे खूश.

घेणारच असाल तर तीन गोष्टी आधी विचारा. लिहिलेली रक्कम कर धरून आहे का? सेवाशुल्क वेगळं लागतं का? (परदेशी बोटींवर बिलावर १८ ते २० टक्के आपोआप चढतं.) आणि लहान मुलांचा दर काय? माणशी ठरलेल्या रकमेतही काही पदार्थांपुढे बारीक अक्षरात जादा आकार छापलेला असतो. लॉबस्टर आणि मोठा स्टेक यांचं हमखास. पाण्याची बाटली आणि सरबतं बहुतेक ठिकाणी वेगळी.

सासूबाईंसाठी खरी युक्ती डायनिंग हॉलमध्येच आहे. पहिल्या रात्री हेडवेटरला गाठा आणि उद्याचं आजच सांगा. कोठारातून माल आदल्या दिवशी मागवतात, म्हणून आयत्या वेळी मागितलं तर हातात असेल तेच मिळतं. बुकिंग करतानाही "शाकाहारी, अंडं नाही" हे लेखी नोंदवून घ्या, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

गलबत

काजूबोंडू, उधळपट्टीचं मान्य. पण पैसे जास्त खाण्यासाठी नसतातच, खिडकीजवळ शांत बसायला मिळतं त्याचे असतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. मुंबईहून गोव्याकडे जाताना पश्चिम उजव्या हाताला, म्हणून जाताना उजव्या बाजूची खिडकी मागायची आणि येताना डाव्या बाजूची. दुसऱ्या बाजूला आपला किनारा, पण बोट समुद्रात इतकी आत चालते की जयगड काय नि देवगड काय, दिसला तर दीपगृहाचा लुकलुकणारा दिवा. मुंबईतून निघताना मात्र डेकवरच थांबा. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह आणि मग खांदेरी हे जवळून दिसतं. त्या वेळेला टेबल घेऊ नका.

सागरगोटी

खेळ-पार्ट्यांचं मी लिहिते.

रोज रात्री केबिनमध्ये (नाहीतर ॲपवर) उद्याचा कार्यक्रम येतो. त्यावर पेनाने खुणा करा. दिवसाला पुष्कळ गोष्टी असतात आणि निम्म्या एकाच वेळी. सासू-सासऱ्यांसाठी: सकाळी डेकवर चालणं, दुपारी प्रश्नमंजूषा, संध्याकाळी अंत्याक्षरी किंवा जुन्या हिंदी गाण्यांचा लाइव्ह बँड. प्रश्नमंजूषेत टोळी साधारण सहांची असते. दोघंच गेलात तर शेजारच्या टेबलाला "आमच्यात येता का" विचारायचं, ओळखी तिथेच होतात. आपली माणसं आपल्यातच घोळका करून बसतात आणि मग म्हणतात कोणी बोललंच नाही.

ओळखी हव्या असतील तर डायनिंग हॉलमध्ये आठ जणांचं सामाईक टेबल मागा. रोज तेच टेबल आणि तोच वेटर असला तर सासूबाईंचं खाणं त्याच्या लक्षात राहतं, हा वरचा फायदा.

फुकट काय आणि विकत काय, ते ओळखा. प्रश्नमंजूषा, नाचाचे वर्ग, शो, डेक पार्टी फुकट. बिंगोच्या तिकिटाला पैसे. "पाठदुखीवर मोफत व्याख्यान" असं दिसलं की ते स्पावाल्यांचं दुकान समजा. कसिनो आणि बोटीवरची दुकानं बंदरात बंद असतात, बोट बाहेर पडल्यावर उघडतात.

४ वर्षांच्या मुलासाठी किड्स क्लब: बहुतेक ठिकाणी ३ वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला हवा. नोंदणी पहिल्याच दुपारी करा, तेव्हा आई-वडील आत जाऊन बघू शकतात. बोटीवर केबिनची किल्ली आणि पैसे भरणं एकाच कार्डावर चालतं; मोठ्याच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या. तेच कार्ड व्हिडिओ गेमच्या यंत्रात चालतं आणि बिल तुमच्या केबिनवर येतं.

पत्त्यांचा जोड घरून न्या. कार्ड रूममध्ये मेंढीकोट मांडलात की बघ्यांतूनच भिडू मिळतो.

अबोली_रत्नागिरी

खूप आभार! म्हणजे गोव्याच्या रात्री इटालियन सगळ्यांसाठी, नाहीतर तेप्पान्याकी आम्हा तिघांसाठी. घरात बोलते. दोन शंका राहिल्या: सासूबाईंना एसटीतसुद्धा मळमळतं, आणि लाडू-बोंबलांचं कोणी लिहिलंच नाही. 😀

गलबत

बोंबील विसरा. घरी केलेलं अन्न बहुतेक बोटींवर चढवू देत नाहीत, कारण त्यातून काही बाधलं तर जबाबदार कोण हा प्रश्न येतो. कंपनीचं सीलबंद पाकीट कधी चालतं, कधी नाही, तुमच्या बोटीचे नियम वाचा. लहान मुलाचा खाऊ आणि औषधं चालतात. पाणी तापवायचा रॉड, किटली, इस्त्री मात्र तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात.

मळमळीचं: केबिन खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर घ्या. हेच रेस्टॉरंटलाही लागू. पैशांची रेस्टॉरंट बऱ्याचदा वरच्या मजल्यांवर असतात आणि जितकं वर तितकं डोलणं जास्त. आरक्षण करण्याआधी बोटीच्या नकाशावर ते कुठे आहे बघा. वर अगदी टोकाला असेल तर सासूबाईंना डायनिंग हॉलच बरा. डिसेंबरात आपला समुद्र बहुधा शांत असतो, दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो तेवढाच. गोळी घ्यायची तर मळमळायला लागायच्या आधी घ्यायची, नंतर तिचा उपयोग कमी. सत्तरीत रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतात, तेव्हा कुठली गोळी ते डॉक्टरांना विचारूनच. ती खाऊन गुंगी येते, म्हणून त्या संध्याकाळी जिन्याने हिंडणं नको. रिकाम्या पोटी राहू देऊ नका, कोरडी बिस्किटं आणि आलेपाक जवळ ठेवा. आलेपाक दुकानचा, सीलबंद.

काजूबोंडू

रत्नागिरीहून येताय म्हणून: कोकणकन्या पहाटे मुंबईला पोचते. सीएसएमटीपर्यंत आलात तर बोट सुटते ते बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा मिनिटं. पण बोटीत चढायला दुपार होते, मधले सहा-सात तास वयस्कर माणसांना घेऊन कुठे बसणार ते आधी ठरवा. गाडी सीएसएमटीच्या आधीच दादर-ठाण्याला संपते का, तेही तिकीट काढताना बघून घ्या. चढल्याबरोबर बुफेकडे धावू नका, एक ते दोन तिथे झुंबड असते. पहिल्या दुपारी डायनिंग हॉल उघडा आहे का विचारा, असला तर तिथे निवांत जेवाल. आणि बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोन एअरप्लेन मोडवर टाका, सगळ्यांचे. तो आपोआप बोटीच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि रोमिंगचं बिल जेवणापेक्षा महाग पडतं.

सागरगोटी

सासऱ्यांना जास्त चालवत नसेल तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागा, टर्मिनलवर आयत्या वेळी मिळेलच असं नाही. सुरक्षा कवायत सगळ्यांना सक्तीची असते, पण बसायला खुर्ची देतात. शेवटच्या संध्याकाळी रिसेप्शनवर बिल बघून घ्या, सकाळी तिथे लांब रांग लागते.