कधीच न बांधलेल्या यानांची 'फोटोसारखी' चित्रं: एवढं खरं दाखवावं का?

नट_बोल्ट:
व्हेंचरस्टार या अमेरिकी अवकाशयानाचं एक थ्रीडी चित्र पाहिलं. यान धावपट्टीवर उतरतंय, पोट उष्णतेनं काळवंडलंय, चाकांखालून धूर. नवख्याला वाटेल, हे खरंच अवकाशातून आलंय. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्या आकाराचं चाचणीयान एक्स-३३ सुद्धा पुरं झालं नाही. १९९९ च्या चाचणीत द्रवरूप हायड्रोजनच्या कंपोझिट (धागे आणि राळ यांच्या) टाकीच्या भिंतीचे थर सुटले आणि २००१ मध्ये नासानं प्रकल्प गुंडाळला. यान का बांधलं गेलं नाही, नेमकं तेवढंच या चित्रात दिसत नाही. रेषाचित्र असतं तर ही कल्पना आहे हे आपोआप कळलं असतं.

उल्का:
साफ असहमत. हौस म्हणून मी अशी यानं थ्रीडीत करते. अणुभट्टीवर चालणारं यान करायला घेतलं की पहिल्यांदा उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर छळतो. निर्वातात उष्णता फक्त प्रारणानं बाहेर पडते, आणि तीही तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. म्हणजे रेडिएटरचं केल्विनमधलं तापमान निम्मं धरलं, तर तेवढीच उष्णता टाकायला क्षेत्रफळ सोळापट लागतं. कागदावर दोन पट्ट्या ओढून सुटता येतं. थ्रीडीत त्या उड्डाणाच्या वेळी घडी होऊन कुठे मावणार, भट्टीचा किरणोत्सर्ग अडवणाऱ्या ढालीच्या सावलीत बसणार का, एकमेकींनाच तापवणार नाहीत ना, सगळं सोडवावं लागतं. अर्धं अभियांत्रिकी मला या चित्रांनीच शिकवलं. (निम्म्या चित्रांत रेडिएटरच नसतात. त्यांची वकिली मी करत नाही.)

नट_बोल्ट:
शिकलात तुम्ही. बघणारा काय शिकला?

धूमकेतू:
नट_बोल्ट यांना +१. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीचा डीडॅलस घ्या, दुसऱ्या ताऱ्याकडे जाणाऱ्या मानवरहित यानाचा १९७३ ते ७८ चा अभ्यास. लक्ष्य बर्नार्डचा तारा, सुमारे ६ प्रकाशवर्षं दूर. वेग प्रकाशाच्या १२ टक्के. ५४,००० टनांतले ५०,००० टन नुसतं इंधन. इंजिनं पावणेचार वर्षांच्या आसपास चालून कायमची बंद, पुढची सुमारे ४६ वर्षं यान आपल्या वेगानं जाणार, थांबायची सोयच नाही. आणि चित्रांत? यान ताऱ्यापाशी पोचलंय आणि मागे इंजिनाचा निळाशार झोत! अहवाल उघडूनही पाहिलेला नाही. शिवाय दोन ताऱ्यांच्या मधोमध यानावर ऊन कुठून पडतं म्हणे?

उल्का:
मग काय, काळा चौकोन काढून खाली 'डीडॅलस' लिहू? :) उजेड ही सवलत आहे, झोत ही चूक. दोन्ही एका तागडीत नकोत.

पेन्सिल:
चित्रकार चेस्ली बोनस्टेलनं १९४४ मध्ये टायटन या शनीच्या चंद्रावरून दिसणारा शनी रंगवला. वर निळं आकाश, शनी लख्ख. १९८० मध्ये व्हॉयेजर १ यानानं जवळून पाहिलं तर टायटन दाट नारिंगी धुरक्यात बुडालेला. चित्र चुकलं, पण तेव्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं. टाकीचं काय झालं हे माहीत असताना यान दिमाखात उतरताना दाखवणं मला त्या पंगतीत बसवता येत नाही.

उल्का:
सगळी यानं टाकीपायी बुडाली नाहीत हो. ओरायन १९५८ मध्ये सुरू झालं. यानामागे अणुबॉम्ब फोडत जायचं आणि जाड पोलादी तबकडीनं तो धक्का झेलायचा. साध्या स्फोटकांवर छोटं मॉडेल उडवूनही दाखवलं होतं. १९६३ च्या करारानं अवकाशातले अणुस्फोट बंद झाले, १९६५ मध्ये प्रकल्प संपला. हे चित्रात कसं दाखवू? सही करणारा हात?

नट_बोल्ट:
चित्रात नको, चित्राखाली लिहा. कुणाचा आराखडा, कोणत्या साली, कशामुळे थांबला. एक ओळ पुरे. आणि ते काळवंडलेलं पोट पुसा. जे उडालंच नाही त्याला वापराच्या खुणा कसल्या?

उल्का:
ओळ मान्य, आजपासून टाकते. खुणा पुसणार नाही. उडालं असतं तर कसं दिसलं असतं, हेच तर मी काढते. कोरं करकरीत यान म्हणजे शोरूममधली गाडी.

धूमकेतू:
काळवंडू द्या हवं तेवढं. झोत तेवढा बंद करा.