जोना लोमूची कारकीर्द इतक्या लवकर का थांबली?

मैदानवेडा: न्यूझीलंडचा जोना लोमू १९९५ च्या रग्बी विश्वचषकात एवढा गाजला, तरी २००२ नंतर तो देशाकडून खेळलेला दिसत नाही. त्याचे वय तेव्हा जेमतेम सत्तावीस होते. दुखापत झाली होती का?

जुना प्रेक्षक: दुखापत नव्हे, मूत्रपिंडाचा विकार. १९९५ च्या अखेरीसच त्याचे निदान झाले होते. म्हणजे १९९९ च्या विश्वचषकातील आठ ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवून गुण मिळवणे) त्याने आजार अंगावर काढत केले, आणि मला तरी तेच अधिक थोर वाटते. २००३ मध्ये त्याला डायलिसिस सुरू करावे लागले आणि २००४ मध्ये मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले.

विंगर: १९९५ च्या विश्वचषकातील केपटाउनचा उपांत्य सामना अवश्य पाहा. पहिल्याच ट्रायच्या वेळी इंग्लंडच्या अंडरवूडला मागे टाकून, कार्लिंगचा हात पायाला लागल्याने अडखळत, तोल सावरण्याच्या भानगडीत न पडता तो समोर उभ्या माइक कॅटला अक्षरशः तुडवून पुढे गेला. इंग्लंडविरुद्ध त्या दिवशी त्याने चार ट्राय केले. सुमारे १२० किलोचा माणूस विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेने, एवढ्या वेगाने धावतो, हेच तोवर कोणी गृहीत धरले नव्हते.

मैदानवेडा: आभारी आहे. प्रत्यारोपणानंतर तो पुन्हा खेळला का?

जुना प्रेक्षक: होय, वेल्समध्ये कार्डिफकडून, पण पूर्वीचा वेग राहिला नव्हता. एकूण ६३ कसोटी (देशाकडून खेळलेले आंतरराष्ट्रीय सामने), ३७ ट्राय. गंमत म्हणजे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत एकही नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये, चाळिसाव्या वर्षी, ऑकलंडमध्ये त्याचे निधन झाले.