अनुभव धागा: जड गाडी आडवी झाली तेव्हा उचलली कशी, आणि खर्च किती आला?

पाऊस लागला की पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो येतोच: आडवी पडलेली गाडी, खाली पेट्रोलचा ओघळ आणि भोवती "आता काय करायचं" अशा चेहऱ्याची चार माणसं. ॲक्टिव्हा किंवा स्प्लेंडर पडली तर माणूस एकटा उचलतो आणि पुढे जातो. पण आता गल्लोगल्ली मोठ्या गाड्या आहेत. केटीएम आणि ट्रायम्फच्या चारशेच्या गाड्या तर आपल्या चाकणलाच बनतात. डॉमिनार ४०० चं वजन १९३ किलो, हिमालयन ४५० चं १९६, सुपर मिटिऑर ६५० चं तर २४१. इतकं वजन एकदा झुकलं की हाताने थोपवता येत नाही, आणि थोपवूही नये.

मला मोठ्या अपघातांबद्दल नाही विचारायचं. पार्किंगमध्ये, यू-टर्न घेताना, उतारावर, म्हणजे वेग जवळपास शून्य असताना गाडी पडते, त्याबद्दल लिहा. कुठे पडली, उचलली कशी, काय मोडलं, काय बदललं आणि काय बदलायची गरजच नव्हती. गॅरेज आणि शोरूमची नावं नकोत. सुरुवात मीच करतो.

कोथरूड, हिमालयन ४५०

गाडी बेसमेंटमध्ये उभी होती. कुणाच्या तरी कारचा रिव्हर्स घेताना धक्का बसला आणि ती उजव्या अंगावर पडली. वॉचमनकाकांनी इंटरकॉमवर कळवलं, पण ती किती वेळ तशी पडून होती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. काका लगेच हँडलला हात घालायला निघाले होते. त्यांना म्हटलं, "काका, जरा थांबा, आधी स्टँड काढू." गाडी उजवीकडे पडली की साइड स्टँडची बाजू वर असते. तो आधीच बाहेर ओढून ठेवला तर उचललेली गाडी पलीकडे कोसळत नाही, स्टँडवर टेकते. डावीकडे पडली असेल तर ही सोय नसते, तेव्हा पलीकडे एक माणूस उभा करावा.

उचलल्यावर लगेच स्टार्टर मारला नाही. गाडी बराच वेळ आडवी राहिली की इंजिनातलं ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाऊ शकतं. गाडी सरळ उभी करून पंधरा-वीस मिनिटं थांबलो, फिल्टरचा डबा उघडून पुसला, काचेतून ऑइलची पातळी पाहिली, मग सुरू केली. थोडा पांढरा धूर आला आणि थांबला. पुढचा ब्रेक दाबून पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. लिव्हर स्पंजासारखा लागला तर लाइनमध्ये हवा शिरलेली असते, अशी गाडी गेटबाहेर काढू नये. माझा ब्रेक ठीक होता. ब्रेक लिव्हर, आरसा आणि हँडलच्या टोकाचं वजन एवढंच बदललं. क्रॅश गार्डला चरे आहेत, ते ठेवले. तो त्यासाठीच लावलेला असतो.

सिंहगड रोड, हिमालयन ४११

मी पाच फूट दोन इंच आहे, त्यामुळे गाडी घेतली तेव्हापासून "पडली तर उचलणार कशी" हा प्रश्न मला सगळेच विचारतात. पाबे घाटात पानशेतच्या बाजूला उतरताना वळणावर खडी सांडली होती. गाडी थांबवली, पाय टेकला आणि पायाखालची खडीच सरकली. गाडी डावीकडे गेली. मी हँडल सोडून बाजूला झाले. पाय खाली अडकू द्यायचा नाही, बाकी गाडीचं काय व्हायचं ते होवो.

आजूबाजूला कुणी नव्हतं. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बंद केला, इग्निशन बंद केलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे ना ते पाहिलं, कारण न्यूट्रलमध्ये असेल तर उचलताना ती घरंगळते. हँडल ज्या बाजूला पडली त्याच बाजूला पूर्ण वळवलं. त्याने खालची मूठ टाकीजवळ येते. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबरेखालचा भाग टेकवला, एका हातात मूठ, दुसऱ्या हातात मागचा कॅरिअर. टाचा रोवायच्या, पाठ ताठ, नजर समोर, आणि इंचाइंचाने मागे चालायचं. उचलतात ते मांड्या, हात फक्त धरून ठेवतात. पहिले काही इंच गाडी हलतच नाही असं वाटतं, अर्ध्यावर आली की एकदम हलकी होते. तिथेच जपायचं, कारण त्याच जोरात ती पलीकडे जाते.

क्लच लिव्हर टोकाकडे वाकला होता. त्याच लिव्हरवर घरी आले. गिअरचा पाय, म्हणजे पायाने गिअर टाकायचा दांडा, आत दबून इंजिनाच्या केसिंगला टेकला होता, तो टूलकिटच्या पान्याने बाहेर ओढला. या दोन्ही गोष्टींबद्दल गॅरेजवाल्या कुणी सविस्तर लिहिलं तर बरं होईल.

भोसरी, गॅरेज चालवतो

ताईंनी बरोबर केलं. गिअरचा पाय बहुतेक गाड्यांत लोखंडी असतो, वाकवून सरळ होतो. क्लच-ब्रेकचे लिव्हर ॲल्युमिनियमचे ओतीव असतात. ते वाकतात, पण उलटे वाकवायला गेलात की तिथेच मोडतात. म्हणून रस्त्यात वाकड्या लिव्हरला हात लावू नका, तसंच घर गाठा. दोन्ही लिव्हर सुटे घेऊन सीटखाली ठेवा. साध्या गाड्यांना काही शेकड्यांत येतात, आणि घाटात लिव्हर मोडला तर टेम्पोचं भाडं त्याच्या कितीतरी पट होतं. अजून एक, लिव्हरचे क्लॅम्प करकचून आवळू नका. हाताने जोर लावला तर फिरतील इतपत ठेवा. गाडी पडली की लिव्हर फिरतो आणि वाचतो.

आता मुख्य गोष्ट. गाडी पडल्यावर हँडल तिरकं दिसतं, चाक सरळ आणि हँडल एका बाजूला. गिऱ्हाइकाला वाटतं फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाइप, गेला, आणि काही ठिकाणी फोर्क बदलायचं एस्टिमेट हातात दिलंही जातं. उभ्या उभ्या पडलेल्या गाडीचा फोर्क सहसा वाकत नाही, तो टीमध्ये, म्हणजे दोन्ही पाइप धरणाऱ्या वरच्या-खालच्या पट्ट्यांत, पिळलेला असतो. पुढचा एक्सल आणि खालच्या टीचे बोल्ट ढिले करायचे, चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल जागेवर आणायचं, फोर्क दोनचार वेळा दाबून बसवायचा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला) पुन्हा आवळायचं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पार्ट शून्य. पाइप खरंच वाकलाय का हे डोळ्याने ठरवू नका. काढून सपाट काचेवर लोळवला की कळतं.

क्लच कव्हरला किंवा केसिंगला चीर गेली तरी लगेच नवीन घेऊ नका. इकडे एमआयडीसीत ॲल्युमिनियमचं अरगॉन वेल्डिंग करणारे चांगले कारागीर आहेत. मात्र कव्हर सुटं काढून, ऑइलचा अंश राहणार नाही असं धुऊन द्या, नाहीतर वेल्डला भोकं पडतात. आणि जिथे बेअरिंग बसतं किंवा गॅस्केटचा तोंडपट्टा असतो तिथे चीर असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका, नवीनच टाका.

बावधन, डॉमिनार ४००

विम्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी हिशेबाच्याच कामात आहे, त्यामुळे गाडी पडल्यावर आधी कागद काढून बसलो.

कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही, त्यासाठी ओन डॅमेजचा भाग हवा. झीरो डेप (घसारा न कापण्याची जोड) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या पार्टची निम्मी किंमत कंपनी कापते. धातूच्या पार्टवर गाडीच्या वयानुसार कपात, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के. वर सक्तीचे १०० रुपये आपले.

समजा बिल ५,००० झालं: प्लास्टिक ३,०००, धातू १,०००, मजुरी १,०००. हातात येणार १,५०० अधिक ८५० अधिक १,०००, वजा १००, म्हणजे ३,२५०. आता दुसरी बाजू. क्लेम न करता वर्षं गेली की नो क्लेम बोनस, म्हणजे ओन डॅमेजच्या प्रीमियमवरची सूट, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. तुम्ही आज २५ वर आहात. क्लेम केला नाही तर पुढची वर्षं ३५, ४५, ५०, ५०, ५०. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांतला फरक बेरजेने १०५ टक्के. ओन डॅमेजचा प्रीमियम ४,००० असेल, आणि सोयीसाठी तो तेवढाच राहील असं धरलं, तर ४,२०० रुपये गेले. म्हणजे ३,२५० साठी ४,२००, शिवाय नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरची वाट पाहण्यात गाडी अडकून पडते ते वेगळंच.

टाकी, रेडिएटर किंवा हेडलाइट गेला तर मात्र जरूर क्लेम करा. झीरो डेप असेल तर गणित बदलतं, पण बोनस तेव्हाही जातो, वेगळं बोनस-संरक्षण घेतलेलं नसेल तर. गाडी हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि काही सुटं करण्याआधी कंपनीला कळवा.

सदाशिव पेठ, क्लासिक ३५०

गाडी बाबांची. वाड्याच्या दारातल्या दगडी पायरीजवळ शेवाळ होतं, तिथे चाक घसरलं. बाबांना लागलं नाही, पण १९५ किलोची गाडी त्यांनी एका झटक्यात, वाकून, हँडलला धरून उचलली आणि कंबरेत उसण भरली. लिव्हरचा खर्च किरकोळ होता. डॉक्टर, एमआरआय आणि फिजिओथेरपी मिळून त्याच्या कितीतरी पट गेले, आणि बाबा अजून डाव्या कुशीवर झोपू शकत नाहीत. वरच्या ताईंनी लिहिलेली पद्धत मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. कृपया घरातल्या मोठ्यांना ती शिकवा. रस्त्यात कुणालाही हाक मारली तर लोक येतात, समोरच्या चहावाल्या दादांनी पुढच्या वेळी आधी आवाज द्या म्हणून बजावलंय. आणि सायलेन्सर तापलेला असतो, मदतीला येणाऱ्यालाही आधी सांगा.

बाणेर, झेड९००

माझी २१२ किलोची. पेट्रोल पंपावर तेल सांडलेल्या जागी पाय सरकला. फ्रेम स्लायडर (पडल्यावर आधी जमिनीला टेकणारे बाजूचे गोळे) लावलेले होते म्हणून इंजिन वाचलं, पण टाकीला हँडलचा पोचा आला. सर्व्हिस सेंटरने टाकीच बदलायला सांगितली. किंमत ऐकून मी गाडी तशीच परत आणली. पोच्यावर रंग फुटलेला नव्हता, त्यामुळे पेंटलेस डेंटवाल्याकडे काम झालं. त्याने टाकी उतरवून रिकामी केली, आतून सळई घालून तासभर थोडं थोडं ढकलत बसला. तिरप्या उजेडात बारकाईने पाहिलं तर जागा कळते, एरवी नाही. रंगाला चीर गेली असती तर हे जमलं नसतं.

कोथरूड (धागाकर्ता)

भोसरीकर, तुमचा टीचा मुद्दा वाचून दोन मित्रांनी एस्टिमेट थांबवलं आहे, मनापासून आभार. जुने-नवे पार्ट कुठे मिळतात तेही कुणी लिहा.

रास्ता पेठ, इंटरसेप्टर ६५०

पार्टसाठी नाना पेठ. आरसे, इंडिकेटर, लिव्हर, केबल सगळं मिळतं, फक्त जुना पार्ट हातात घेऊन जा आणि मॉडेलचं वर्ष सांगा. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारातही मिळतं, पण ब्रेकशी संबंधित काहीही तिथून घेऊ नका. एस्टिमेटमधले जीएसटीचे दर जुने नाहीत ना तेही पाहा: २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या पार्टवर १८ टक्के आहे.

वारजे, केटीएम ३९० ॲडव्हेंचर

एक शंका आहे. काल ताम्हिणीत गाडी आडवी झाली, उचलली, काही तुटलेलं नाही, पण स्टार्टरच घेत नव्हती. बराच वेळ बसून राहिलो, मग आपोआप सुरू झाली. कशामुळे?

भोसरी, गॅरेज चालवतो

दादा, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टिप-ओव्हर सेन्सर असतो. गाडी पडली की तो पेट्रोल आणि स्पार्क तोडतो, आग लागू नये म्हणून. गाडी सरळ उभी करायची, किल स्विच पाहायचा, इग्निशन बंद करून थोडं थांबायचं आणि पुन्हा चालू करायचं. तुम्ही मधे चावी बंद केली असणार, म्हणून सुटली. तरीही एकदा येऊन रेडिएटरच्या जाळ्या दाखवून जा. तिथली बारीक गळती थंड गाडीवर दिसत नाही, तापल्यावर दिसते.