अंगणात येणारे शिकारी पक्षी: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

धरमपेठ (धागा सुरू करतोय)
मार्च लागला की मागच्या अंगणात कूलरच्या सांडलेल्या पाण्यावर चिमण्या, बुलबुल, साळुंक्यांची जत्रा भरते. मग शिक्रा येणारच. परवा कडुनिंबावरून सुटला आणि कंपाउंडच्या भिंतीवरचा सरडा पंजात दाबून बसला. सरड्याची शेपटी वळवळतेय, आणि हा मान वळवून माझ्याकडे बघून राहिला! कबुतराहून बारका, पाठ राखाडी, छातीवर विटकरी आडव्या रेघा, डोळा लालभडक. म्हणजे नर. मादी अंगाने मोठी, डोळा पिवळसर.
तुमच्याकडे कोण येतं? फोटो नसला तरी चालेल, पण 'मोठा गरुड होता' एवढ्यावर भागवू नका. शेपूट, डोळा, कुठे बसला, काय खाल्लं, ते लिहा.

मनीषनगर
आमच्याकडचा तपकिरी आहे, छातीवर उभे ठिपके ओघळल्यासारखे, गळ्यावर मधोमध एक गडद रेघ. शेजारचे काका ससाणा म्हणतात. सकाळपासून टिटिव टिटिव करून डोकं उठवतो.

धरमपेठ
शिक्र्याचंच पिल्लू. मोठं झालं की उभे ठिपके जाऊन आडव्या रेघा येतात.

त्रिमूर्तीनगर
आमचा शिक्रा शेवग्यावर येऊन सुरवंट खातो हो. सातभाई मात्र त्याला बघून जीव खाऊन ओरडतात.

सिव्हिल लाइन्स
ताई, सुरवंटांवर ताव मारणारा बहुतेक पावशा असेल. रंग, शेपटीवरचे पट्टे, उडायची ढब, सगळं शिक्र्यासारखं; चोच तेवढी बघा. शिक्र्याची आकड्यासारखी वाकडी, पावशाची बरीच सरळ. सातभाईंचा राग वाजवी आहे, तो अंडी त्यांच्याच घरट्यात घालतो.
आमच्या आवारात पिंपळाला आग्या मोहोळ लागलं की मधुबाज येतो. अंगाने घारीएवढा, डोकं मात्र कबुतराचं लावल्यासारखं लहान. मधापेक्षा पोळ्यातल्या अळ्यांसाठी येतो. चेहऱ्यावरची पिसं खवल्यांसारखी दाट, म्हणून डंखांची फिकीर नाही. तेवढा वेळ आम्ही खिडक्या लावून घरात.

बेसा
इकडे अजून मोकळे प्लॉट आहेत, म्हणून कापशी. पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबते आणि पाय खाली सोडून उंदरावर उतरते. एकदा बघितली की दुसऱ्या कशाशी घोळ होत नाही. समोरच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झाल्यापासून मागच्या विजेच्या तारेवर बसते.

महाल
आमच्याकडे फक्त घार. गच्चीवर सांडगे वाळत घातले होते, कावळ्यांवर लक्ष ठेवायला नातू बसवला, आणि घारीने त्याच्याच हातातलं भजं उचललं! शेपटीला खाच असते, तीच खूण. पण वळताना शेपूट पसरली की खाच दिसत नाही, तेव्हा जरा थांबून बघा.

लक्ष्मीनगर
संक्रांतीत गुलमोहरावर घार नायलॉन मांजात अडकली होती. पंख ओढू नका, मांजा जवळून कापा. वरून जाड कापड टाका, डोकं झाकलं की शांत होते. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून थेट सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यजीवांवर उपचार करणारं केंद्र) न्या. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. आणि घरी पाळायचा विचारही नको, गुन्हा आहे.

हिंगणा रोड
शिक्र्याचा आवाज रोज येतो, शिक्रा काही दिसत नाही. असं कसं?

सिव्हिल लाइन्स
आसपास दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल आहे का बघा. तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. साळुंक्या घाबरून उडाल्या की त्यांचे किडे याचे.