पात्रांची पूर्वकथा खेळात कशी आणायची?

प्रश्न: दर शनिवारी आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा फाशांचा खेळ खेळतो; डीएम (डंजन मास्टर), म्हणजे गोष्ट चालवणारी व्यक्ती, मी. एकीने पात्राची चार पानी पूर्वकथा दिलीय, दुसऱ्याने फक्त "खलाशी, अनाथ". दोघांना सारखा वाव कसा देऊ?

उत्तर: चार पानांतला एकच माणूस उचल. मी माझ्या गटातल्या एकीच्या पात्राचा हरवलेला भाऊ तिसऱ्या सत्रात पुलावरचा पहारेकरी म्हणून उभा केला. तिने हातातले फासे खाली ठेवले, मिनिटभर बोललीच नाही.

उत्तर: खलाशाला खेळतानाच विचार, "या बंदरात तुला कोण ओळखतं?" खेळाच्या २०२४च्या नियमांत तर पात्राच्या ताकद, चपळाई अशा गुणांची वाढही त्याच्या पार्श्वभूमीवरूनच ठरते, ती नुसती कागदावर ठेवू नकोस.

प्रश्नकर्ता: विचारलं! म्हणाला, "दोरखंड विकणारी म्हातारी. तिची तीन चांदीची नाणी द्यायची राहिलीत." पुढचा शनिवार तिचाच.