परदेशी मिशन ट्रिपला ‘सेवा’ म्हणणं थांबवू या का?

उंबरठा:
चर्चच्या टीमबरोबर तेरा दिवसांची परदेशी मिशन ट्रिप (धर्मकार्यासाठीची छोटी फेरी) करून आले त्याला दोन महिने झाले. मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, साक्ष दिली (अनुभव सांगितला), फोटो दाखवले, टाळ्या मिळाल्या. साक्षीत जे गिळलं ते इथं लिहितेय. (देशाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, उगाच अडचण नको.)

आमचं मुख्य काम म्हणजे मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा. हरवलेल्या मेंढराचं नाटुकलं (शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाची येशूची गोष्ट) महिनाभर तालीम करून नेलं होतं. मेंढपाळ मोजायला लागला, नव्व्याण्णव अजून लांब होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक पोरगा उठला आणि गुपचूप टेबलाखाली जाऊन बसला. मेंढरू कुठं सापडतं हे त्याला पाठ होतं! त्या वर्षातली आमची चौथी टीम. सगळ्यांचीच मेंढरं त्या एकुलत्या एका टेबलाखाली लपत असणार. गाण्यांचे हातवारे आमचे चुकले की मुलंच ते सुधारायची.

पाळकांनी तेरा दिवस घरभेटी बंद ठेवल्या. त्यांच्या पत्नी पहाटेपासून अकरा पाहुण्यांचं रांधत होत्या. निघताना आभार मात्र त्यांनी आमचे मानले, आणि आम्ही ते घेतलेही.

माझं म्हणणं एवढंच: जावं, पण ‘पाहायला, शिकायला चाललोय’ असं सांगून जावं. ट्रिपसाठी पैसे मागणाऱ्या माझ्या मदतपत्रात ‘गरजूंची सेवा’ हे शब्द होते आणि लोकांनी ते वाचून पैसे दिले. प्रत्यक्षात सेवा झाली ती आमची. मला हे फसवणुकीच्या फार जवळचं वाटतं.

हिशेबनीस:
पूर्ण सहमत. आकडेही तेच सांगतात. ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘मिच’ चक्रीवादळानं होंडुरास झोडपलं. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून टीमा घरं बांधायला गेल्या. तिथंच राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी पुढं याचा अभ्यास केला. विमानभाडं वगैरे धरून पाहुण्या टीमच्या एका घराचा खर्च सुमारे ३०,००० डॉलर. स्थानिक ख्रिस्ती संस्था तसंच घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होती. पंधरा कुटुंबांचं छप्पर एका छपरात गेलं. आणि घर परदेशी हातांनी बांधलं की गावच्या गवंड्यांनी, यानं त्यात राहणाऱ्यांच्या आयुष्यात काही फरक पडलेला दिसला नाही. ‘जाऊन आलेले लोक पुढे जास्त देतात’ हा लाडका युक्तिवादही तिथं फारसा टिकला नाही.

मोहरीचा दाणा:
हिशेबनीस, हिशेब चोख आहे, पण वही चुकीची उघडलीत. ते ३०,००० एका तिजोरीत पडून नव्हते, की ‘घर बांधू या की तिकिटं काढू या’ असा विचार करावा. पुतण्या जातोय म्हणून काका पैसे देतो. पुतण्या घरी बसला तर काका होंडुरासला मनीऑर्डर करणार नाही.

शास्त्राचंच, म्हणजे बायबलचंच, बोलायचं तर, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी वर्गणी काढली. येशूचा प्रेषित पौल ती नुसती पाठवून देऊ शकला असता. तो स्वतः घेऊन गेला, सोबत वेगवेगळ्या मंडळ्यांची माणसंही होती, आणि तिथं अटक झाली. पैशाबरोबर माणूस जातो तेव्हा नातं जातं. तुमच्या हिशेबात हा प्रवासखर्च वायफळच ठरला असता.

आणि ताई, १९५७ च्या सुट्टीत जॉर्ज व्हर्वर दोन मित्रांना घेऊन मेक्सिकोला पुस्तकं वाटायला गेला. ऑपरेशन मोबिलायझेशन या मिशन संस्थेची सुरुवात तीच. तेव्हा त्याला कुणी ‘पर्यटक म्हणून जा’ म्हटलं असतं तर?

उंबरठा:
व्हर्वर तिघांत गेला होता. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या पाहणीवरून केलेला अंदाज असा, की एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख चर्च-सदस्य अशा परदेशी ट्रिपला जातात. त्यातल्या एका व्हर्वरसाठी बाकीच्यांचं कुणी रांधायचं?

मोहरीचा दाणा:
थेस्सलनीका शहरात पौलाची शिकवण तीन शब्बाथांची (आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसांची). म्हणजे साधारण तुमच्या ट्रिपएवढी. तरी तिथं मंडळी उभी राहिली.

हिशेबनीस:
परतीचं तिकीट काढून गेला नव्हता हो तो! दंगल झाली म्हणून बंधुजनांनी रातोरात बाहेर काढला. नंतर जीव राहवेना म्हणून आपला सहकारी तीमथ्य याला पाठवलं, पत्रं लिहिली. जिथं राहता आलं तिथं राहिला: करिंथात दीड वर्ष, इफिसात तीन. तंबू शिवून पोट भरत होता, मदतपत्रं पाठवून नाही.

(फिलिप्पै शहरातल्या मंडळीनं, फिलिप्पैकरांनी, त्याला पैसे पाठवले होते हे मला माहीत आहे, कुणी दाखवायच्या आत कबूल करतो.)

जुनी परिचारिका:
दोघेही टोकाला गेलात. मी वैद्यकीय टीमांबरोबर तीनदा गेलेय. दोनदा गेले त्याची लाज वाटते, एकदाची नाही.

लाजेच्या दोन्ही वेळा शिबिरं होती. उन्हात दीडेकशे माणसांची रांग, प्रत्येकाला चार मिनिटं. रक्तदाब वाढलेला दिसला की एक महिन्याच्या गोळ्या. एकतिसाव्या दिवशी काय, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. रक्तदाबाची गोळी महिनाभर देऊन बंद करणं याला उपचार म्हणत नाहीत. शिवाय फुकट वाटप सुरू झालं की गावातल्या दवाखान्यात त्या आठवड्यात कुणी फिरकत नाही.

तिसऱ्या वेळी तिथल्या मिशन हॉस्पिटलनं बोलावलं होतं: दोन आठवडे, भूल देणारा एक डॉक्टर आणि ऑपरेशन थिएटरच्या दोन परिचारिका हव्यात. रुग्ण आधीच निवडलेले, टाके काढायला माणसं कायमची तिथलीच. मोठ्या प्रमाणावर मर्सी शिप्स ही जहाजावर हॉस्पिटल चालवणारी संस्था हेच करते. १९७८ पासून चाललेलं काम. स्वयंसेवक आपला खर्च आपणच भरतात आणि एखादा सर्जन दोनच आठवडे येतो, पण जहाज एका बंदरात सुमारे दहा महिने उभं असतं. माझ्या लेखी ही सेवाच, आणि ती शॉर्ट-टर्मच (अल्पकाळाची). तेव्हा उंबरठाताई, शब्द टाकून देऊ नका. तुमची ट्रिप रिकामी होती म्हणून सगळ्या रिकाम्या नसतात.

काठावरचा:
मी ख्रिस्ती नाही, नुसता वाचक. एक विचारू? हे सगळं बहुतेक टुरिस्ट व्हिसावरच चालतं ना? प्रचाराचं काय?

मोहरीचा दाणा:
खरं सांगायचं तर अनेकदा चालतं, आणि तिथं माझी बाजू लंगडी आहे. नेपाळचं बघा. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत धर्मांतर घडवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परदेशी असेल तर शिक्षेनंतर हद्दपारी. असे कायदे न्याय्य आहेत असं मी म्हणणार नाही. पण आपला पाहुणा बहुधा विमान पकडून निघून गेलेला असतो, चौकीवर हजेरी लागते ती यजमानाची. तो धोका त्याच्या वतीनं आपण उचलायचा नसतो.

दुभाषी:
मी पाहुण्या टीमांसाठी भाषांतर करतो, म्हणून पलीकडची बाजू. सभेच्या शेवटी वक्ता म्हणतो, ‘ज्यांनी येशूला स्वीकारलं त्यांनी हात वर करा.’ हात वर होतात, मोजले जातात, अहवालात जातात. एक आजी माझ्यादेखत सहा टीमांपुढे ‘तारण पावल्या’, म्हणजे हात वर करून येशूला स्वीकारलं. विचारलं तर म्हणाल्या, ‘एवढ्या लांबून आलेत बिचारे.’

पाळक ‘येऊ नका’ का म्हणत नाहीत, असं लोक विचारतात. कारण टीम गेल्यावर कधीतरी मुलांच्या फीचे पैसे येतात. १९६८ साली मेक्सिकोतल्या कुएर्नावाकात इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनं अमेरिकी स्वयंसेवक विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की मेक्सिको पाहायला या, डोंगर चढा, शिका. मदत करायला येऊ नका. यजमान पाळकाला हे परवडत नाही. इलिचला परवडलं.

जुनी परिचारिका:
आजी अगदी खऱ्या वाटल्या. मीही अशा दोन पाहिल्यात.

हिशेबनीस:
दुभाषी, मग तुम्ही त्या मोजणाऱ्याला कधी सांगितलंत का?

दुभाषी:
नाही. मलाही त्या दिवसाची मजुरी मिळते.

उंबरठा:
परिचारिकाताई, ‘बोलावलं होतं’ हा तुमचा शब्द डोक्यात राहिला. आम्हाला कुणी बोलावलं होतं, हे मी आमच्या टीमच्या प्रमुखाला कधी विचारलंच नव्हतं. म्हणून काल धीर करून त्या पाळकांनाच लिहिलं, की पुढच्या वर्षी तुम्हाला खरंच काय हवंय? आम्ही न येता नुसते पैसे पाठवले तर चालेल का? आज उत्तर आलं. चार ओळी फक्त तब्येतीची चौकशी. मग: ‘पैसे आले तर छताचं काम होईल. तुम्हीही या, पण पेरणीच्या दिवसांत नको, मुलं शेतात असतात. आणि नाटक दुसरं आणा.’

मोहरीचा दाणा:
म्हणजे बोलावलंच की!

हिशेबनीस:
छत आधी लिहिलंय, दादा.